घासलेली जागा

"काका, हे जरा खराब करून द्या ना," ती पोरगी म्हणाली, आणि रामदासच्या ओठांशी आलेली चहाची बशी तिथंच थांबली. पोरगी लोणीची, नाव श्रेया, पुण्यात नोकरीला. तिच्या आजीआजोबांच्या लग्नाला येत्या रविवारी पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि मंचरच्या एका मंगल कार्यालयात त्याचा थाटाचा कार्यक्रम ठरला होता. तिनं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्यात साडेचार मिनिटांचं शूटिंग होतं, इतकं स्वच्छ की बैलांच्या पापण्या मोजून घ्याव्यात. "म्हणजे जुन्या फिल्मसारखं," तिनं समजावून सांगितलं, "रेघा, डाग, थरथर. पंच्याहत्तर साली काढल्यासारखं वाटलं पाहिजे." स्टुडिओ रामदासच्या सुनेचा, सोनलचा. सोनल म्हणाली, "होईल की, पाच मिनिटांचं काम आहे," आणि पेनड्राइव्ह खोचून मोकळी झाली. रामदास मात्र त्या एका शब्दापाशी अडकून बसला. खराब. चौसष्ट वर्षांत हा शब्द त्याला कुणी विनंती म्हणून ऐकवला नव्हता. ऐकवला होता तो कानाखाली वाजवल्यासारखा, तोही त्याच्या वस्तादानं, गेणभाऊनं, फिरत्या सिनेमाच्या तंबूतल्या केबिनमध्ये, मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या धुरात. "रामद्या, पट्टी खराब केलीस तर तुझ्या गावाला, मढला परत पाठवीन, भात लावायला!" भात लावण्याचं त्याला तितकंसं वाईट वाटत नव्हतं, चिखलात पाय घालून बायकांची गाणी ऐकायला मजाच यायची, पण सतराव्या वर्षी तो ओतूरच्या जत्रेतून सिनेमाच्या तंबूच्या ट्रकमागं पळत गेला होता, आणि पळून गेलेल्या माणसाला परत जाऊन कंबर वाकवणं जड जातं. म्हणून तो फिल्मच्या पट्टीला जपायला शिकला. मऊ फडक्यानं पुसायचं, बोट लावायचं नाही, धुळीच्या दिवशी पेटीवर ओलं पोतं टाकायचं. पंधरा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. मग घरोघरी टीव्ही आले, तंबू गुंडाळला, आणि पुढची तीस वर्षं मार्केट यार्डातल्या काट्यावर कांद्याच्या गोण्या मोजण्यात गेली. आणि आता ही पोरगी म्हणत होती, खराब करून द्या.

सोनलनं खरंच पाच मिनिटांत केलं. तिनं यादीतून एक तयार इफेक्ट उचलला, चित्रावर टाकला, आणि सगळा रंग उडून काळंपांढरं झालं, वरून रेघांचा पाऊस सुरू झाला, कडेला काळोखी आली. श्रेया तर टाळ्याच वाजवायला लागली. रामदास मागच्या स्टुलावर बसून बघत होता. हे स्टूल त्याचं. काट्यावरचं काम सुटल्यापासून तो रोज दहाला इथं यायचा, शटर उघडायचा, आलेल्यांना "बसा पावणं" म्हणायचा, पंखा लावायचा. वर्षभरात सोनलच्या खांद्यावरून बघूनबघून तो ते सॉफ्टवेअरही शिकला होता, आणि तिनं मोठ्या मनानं त्याला दोन बारशांचे व्हिडिओ करायला दिले होते. ते त्यानं केले. मग एका सकाळी लवकर येऊन त्यानं उघडून बघितले, तर दोन्ही तिनं पुन्हा, पहिल्यापासून, बदलून ठेवलेले. तीही बोलली नाही, तोही बोलला नाही, आणि त्या न बोलण्यामुळंच ते त्याला जास्त लागलं. रागावता तरी आलं असतं. पण जी सून सासऱ्याचं मन राखण्यासाठी त्याचं काम गुपचूप दुसऱ्यांदा करते, तिच्यावर रागवायचं कुठल्या तोंडानं? तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. आपल्या हातचं एक काम असं व्हावं की जे तिला पुन्हा करावं लागू नये. एकच. मग शटर उघडायचं काम आयुष्यभर करीन, असं तो स्वतःला सांगायचा. आता स्क्रीनवरच्या त्या पावसाकडं बघताना त्याला वरच्या कोपऱ्यात एक वाकडा केस दिसला, अळीसारखा वळवळून गेला. चार सेकंदांनी तोच केस तिथंच परत आला. पुन्हा चार सेकंदांनी पुन्हा. रामदास मनात म्हणाला, ही अळी काही जायची नाही. बाकी कुणाला ती दिसत नव्हती. त्याला मात्र त्या अळीशिवाय दुसरं काहीच दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयाचे आजीआजोबा, रखमाजी आणि साळुबाई, स्वतःच आले. बाजाराला आले होते, नात म्हणाली बघून घ्या, म्हणून तिच्यासोबत आले. हायवेवरून ट्रक जात होते, बायपास झाला तरी मंचरचे भोंगे काही कमी झाले नव्हते, आणि त्या गोंधळात दोघं खुर्च्या ओढून स्क्रीनपुढं बसले, अगदी रिपोर्ट बघायला डॉक्टरांकडं बसावं तसे. लग्नाचा एकही फोटो नसल्यामुळं नातवंडांनी ते पुन्हा घडवून आणलं होतं. नवरीच्या जागी एखादी पोरगी घेऊ, असा बेत होता, पण साळुबाईनं तो पहिल्याच दिवशी मोडून काढला. "माझ्या जागी दुसरी कशापायी? मी अजून जित्ती हाय न्हवं?" मग सत्तरीतली नवरी आणि पंच्याहत्तरीतला नवरा मुंडावळ्या बांधून बैलगाडीत बसले होते. बैल मात्र शेजारच्या संपतचे, शर्यतीचे. त्यांना शर्यतीच्या घाटात जीव तोडून पळायचं एवढंच माहीत, वरातीच्या चालीनं चालणं त्यांच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं. चार पावलं नीट चालले आणि मग जे सुटले ते थेट बांधापर्यंत. इफेक्टसकट हे सगळं स्क्रीनवर सरकत होतं. रखमाजी खुशीत होता. साळुबाईनं मात्र पुढं वाकून बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"आगं बया! मला काळं नेसवलं?"

"आजी, ब्लॅक अँड व्हाइट आहे ते," श्रेया म्हणाली. "हिरवा रंग त्यात तसाच दिसतो."

"मला नको शिकवू. सवाशीन हाय मी. हिरवं लुगडं नेसून बोहल्यावर चढले व्हते. पन्नास वर्सांनी भर मांडवात चारशे मान्सांम्होरं काळं नेसून फिरू व्हय? त्यापरीस दाखवूच नगा."

"आन् पाऊस कुढला ह्यो?" रखमाजी हसत म्हणाला. "वैशाख व्हता राव, वऱ्हाडाचं पाय पोळलं व्हतं. तंबूत बी पाऊस पडायचा पडद्यावर, न्हाई असं न्हाई, पर त्यो मधीमधी. ह्यो आपला झड लागल्यागत सारखाच."

रामदास स्टुलावरून उठला. तो का उठला हे त्यालाही कळलं नाही. जगात ती झड दिसणारा आणखी एक माणूस आहे, या आनंदानं तो उठला असावा. सोनल गडबडून म्हणत होती की मी दुसरा इफेक्ट टाकून देते, पण तिच्यापुढं तीन लग्नं पडली होती आणि रविवार चार दिवसांवर होता. साळुबाई तर पिशवी उचलून उभीच राहिली होती. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "फोटो न्हवता तवाबी लगीन झालंच की." हे ती सहज म्हणाली, पण म्हणताना तिनं स्क्रीनकडं एकदा वळून बघितलं, आणि रामदासला वाटलं की हिला ते हवं आहे. फार हवं आहे. "आक्का," तो म्हणाला, "मी करतो. लुगडं हिरवंच ऱ्हाईल. शब्द देतो." हे तो सोनलकडं न बघता म्हणाला, कारण तिच्याकडं बघितलं असतं तर धीर सुटला असता. "बरं बाबा, बघा," सोनल एवढंच म्हणाली. त्या 'बघा'मध्ये, तुम्ही करा आणि नाही जमलं तर शनिवारी रात्री मी बसेन, हे सगळं होतं. रामदासनं ते नीट ऐकलं.

तीन दुपारी तो त्या साडेचार मिनिटांपुढं बसला. बसल्याबसल्या त्याला पहिला आनंद झाला तो ब्लेडचा. सॉफ्टवेअरमध्ये चित्र कापायच्या हत्याराला ब्लेडच म्हणतात आणि त्याच्या बटणावरचं चित्रही ब्लेडचंच असतं. खऱ्या ब्लेडनं त्यानं किती पट्ट्या कापल्या होत्या. तुटलेल्या पट्टीचं टोक खरवडायचं, चिकटवायचं, फुंकर मारायची, आणि बाहेर तीनशे माणसं अंधारात शिट्ट्या मारत असताना हात थरथरू द्यायचा नाही. आता नुसतं बोट दाबायचं. चुकलं तर मागं जायचं. मागं जाता येतं हे त्याला अजूनही खरं वाटत नव्हतं. त्यानं तयार इफेक्ट काढून टाकला, अळीसकट. रंग परत आले. मग तो विचार करू लागला की ही फिल्म खरोखर पन्नास वर्षं पेटीत असती तर तिचं काय झालं असतं. रंगीत प्रिंट जुनी झाली की आधी हिरवं-निळं उडतं, मग सगळी दुनिया तांबूस होते, माणसं नुकतीच उन्हातून आल्यासारखी दिसतात. तसं त्यानं केलं. आभाळ फिकं झालं, बैल विटकरी झाले, रखमाजीचा फेटा डाळिंबी झाला. या हिशेबानं लुगडं सगळ्यात आधी उडायला हवं होतं. इथं रामदासनं लबाडी केली. दर पाच-सहा चित्रांनी त्यानं लुगड्याभोवती रेघ ओढली, मधल्या चित्रांवर ती सॉफ्टवेअरनं जुळवून घेतली, आणि आतलं हिरवं तेवढं राखून ठेवलं. एका सेकंदाची पंचवीस चित्रं, साडेचार मिनिटं. लुगडं हलतं, पदर उडतो, मध्येच बैलाचं शिंग येतं. कंटाळा येईल असं त्याला वाटलं होतं. आला नाही. उलट पदराचा काठ सांभाळताना त्याला एकदा बायकोची, सखूबाईची आठवण आली, घरी आत्ता ज्वारी निवडत बसलेली असेल, आणि तिला आपण कधी हिरवं लुगडं घेतलं ते आठवेना. घ्यायला हवं, असं ठरवून तो पुढच्या चित्राकडं वळला.

मग पाऊस. तिथं तो अडला. पाऊस कुठं टाकायचा? सॉफ्टवेअरला विचारलं तर ते म्हणणार सगळीकडं. पण पट्टी सगळीकडं सारखी घासत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? रिळाच्या सुरुवातीला घासते आणि शेवटाला घासते, कारण तिथं हात लागतो. आणि मध्ये घासते ती लोकांच्या आवडीनं. एखादं गाणं लागलं की तंबूत आरडाओरडा सुरू व्हायचा, "परत लावा!" आणि परत लावल्याशिवाय लोक पुढचा सिनेमा बघायचेच नाहीत, कुणीतरी तंबूची कनात सोडायला उठायचं. मग गेणभाऊ शिव्या घालत मशीन थांबवायचा, रामदास हातानं पट्टी मागं फिरवायचा, घाईत ती घसपटायची, कडेची भोकं उसवायची. घोडेगावला परत, नारायणगावला परत, आळ्याला दोनदा परत. हंगाम संपता संपता बाकीचा सिनेमा ठीक असायचा आणि ते गाणं मात्र पार धुऊन निघालेलं, रेघांच्या आडून नटी शोधावी लागायची. लोकांना जिथं जीव लावावासा वाटला नेमकी तीच जागा खराब. गेणभाऊला याचा संताप यायचा. रामदासला तेव्हाही आला नव्हता, पण का आला नव्हता हे सांगता आलं नव्हतं. एक चोरीही होती त्याच्या नावावर. एका गाण्यात नटी मान वळवून हसायची. तिथली सहा चित्रं त्यानं कापून खिशात घातली होती आणि उन्हाला धरून बघायचा. तेव्हापासून गावोगाव ती नटी मान वळवायची आणि हसायच्या आत एकदम पलीकडंच दिसायची. हजारो माणसांचं हसू आपण खिशात घेऊन फिरलो, या विचारानं त्याला आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी भर दुपारी लाजल्यासारखं झालं, आणि मग हसूही आलं. सोनल म्हणाली, "काय झालं बाबा?" तो म्हणाला, "काय न्हाई. एक गिऱ्हाईक आठवलं."

तेव्हा त्याला कळलं की आधी जागा शोधली पाहिजे. या साडेचार मिनिटांत लोक "परत लावा" कुठं म्हणाले असते? त्यानं पहिल्यापासून बघितलं. अक्षता पडतात ते ठीक. हार घालतात तेही ठीक. दोघं कॅमेऱ्याकडं बघून ताठ उभी, शाळेच्या फोटोसारखी. मग गाडी. बैल सुटतात, कॅमेरा धरणाराही पळत असावा, सगळं हलतं, आणि साळुबाई रखमाजीचा दंड घट्ट धरते. ओरडत नाही. तोंड उघडून हसते, दोन दात नसलेलं ते तोंड तसंच उघडं, पदर कुठल्याकुठं. बांधापाशी बैल थांबतात. रखमाजीच्या मुंडावळ्या एका कानावर लोंबत असतात, आणि ती अजून हसत, धापा टाकत, कॅमेरा आहे हे साफ विसरून, त्या सरळ करते आणि त्याला काहीतरी बोलते. आवाज बैलांच्या घुंगरांत बुडालेला. तेरा सेकंद. रामदासनं ते तेरा सेकंद पुन्हा लावले. मग पुन्हा. सातव्या-आठव्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतो आहोत, आणि त्यानं मान डोलावली. हीच जागा. इथून एकही चित्र कापायचं नाही, पण घासायचं इथंच. एकेक रेघ त्यानं हातानं टाकली, एकीसारखी दुसरी नाही. दोन ठिकाणी भोकं उसवल्यासारखी चित्राला उडी दिली, एक जोड दाखवला. चेहऱ्यावर मात्र कमी. रेघांच्या आडून ती दिसली पाहिजे, शोधावी लागली तरी चालेल.

शनिवारी चारला त्यानं सोनलला दाखवलं. लुगडं बघून ती थक्क झाली, त्याच्याकडं वळून बघितलं तिनं, आणि रामदासचा ऊर भरून आला. पण बैल सुटले तशी तिच्या कपाळावर आठी पडली. "बाबा, बाकी एवढं सुंदर झालंय, आणि नेमकं चांगल्या जागीच खराब केलंत?" त्याला गेणभाऊ सांगायचा होता, आळ्याचा तंबू सांगायचा होता, कनातीची दोरी सांगायची होती. तोंडातून निघालं एवढंच, "तितंच खराब हुतं बाई." ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. रविवारी सकाळी शटर उघडल्यावर त्यानं पहिली फाइल बघितली. शेवटची दुरुस्ती शनिवार, तीन वाजून पन्नास. म्हणजे त्याचीच. तिनं हात लावला नव्हता. विश्वासानं नाही लावला की बाकीच्या लग्नांच्या गडबडीत राहिला, हे काही फाइलीवर लिहिलेलं नसतं. मंगल कार्यालयात जाईपर्यंत तो त्याच प्रश्नाला उलटसुलट करत राहिला. आपलं चुकलं असेल तर? तंबूतलं शहाणपण तंबूतच राहू द्यायला हवं होतं, असंही एकदा वाटून गेलं. लोक आता पट्टी कुठं ओळखतात? त्यांना वाटेल म्हाताऱ्यानं घाण केली.

दुपारचे साडेबारा. जेवणाच्या आधी दाखवायचं ठरलं होतं. पडदे ओढून हॉल अंधारला, पुढच्या रांगेत सोफ्यावर रखमाजी आणि साळुबाई, त्यांच्या बाजूलाच टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागं रामदास. सोनल कॅमेरा खाली ठेवून भिंतीशी उभी. त्यानं सुरू केलं. तांबूस उजेड पडद्यावर पसरला आणि मागून कुणीतरी "आरं तिच्या!" म्हणालं. सुरुवातीला रेघा, मग चित्र निवळलं, आणि त्या विटकरी दुनियेत हिरवंगार लुगडं चालत आलं. साळुबाई कुजबुजली, "हिरवंच हाय बाई," आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं. अक्षता. हार. गाडी. बैल सुटले आणि सगळा हॉल हसायला लागला, संपत मागून ओरडला, "आरं बैल कुनाचं हाय!" आणि त्या हसण्यातच पडदा थरथरला, रेघा दाट झाल्या, चित्र उडी मारून पुढं गेलं. रामदासचा हात आपोआप लॅपटॉपकडं गेला, थांबवावं का म्हणून. साळुबाईची मान ताठ झाली.

"आत्ता बरं दिसत व्हतं की," ती म्हणाली, बऱ्यापैकी मोठ्यानं. "हितंच येवढं का घासलंय?"

रामदासनं खाली बघितलं. सोनल भिंतीपासून एक पाऊल पुढं आली होती, काहीतरी सांभाळून घेण्याच्या बेतात. पण रखमाजी आधी बोलला. पडद्यावरून नजर न काढता, अगदी सहज, वीज का गेली ते सांगावं तसा.

"घासनारच तितं. लई येळा परत लावलंय त्येवढं."

"कुनी?"

"म्या. दुसरं कोन लावनार?"

पडद्यावर साळुबाईचं हसणारं तोंड रेघांच्या आडून येत होतं, जात होतं, आणि इकडं अंधारात ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. रामदासला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं, अंधारच होता. भिंतीशी सोनल जागच्या जागी थांबली होती. पडद्यावरची साळुबाई मुंडावळ्या सरळ करायला लागली, तसा रखमाजी तिच्या कानाशी झुकून आणखी काही सांगायला गेला, तेव्हा तिनं त्याला हातानं मागं सारलं.

"गप बसा वाईच," ती म्हणाली. "बघू द्या मला."